आमची कोठेही शाखा नाही

शोकांतिकेवर लिहिण्याचा अधिकार फक्त प्राध्यापकांना असतो, असा आपल्याकडे एक समज आहे. मला तो मान्य नाही. प्राध्यापकांनी शोकांतिका वाचलेली असते. बँकेतल्या कारकुनाने ती काउंटरच्या पलीकडे, हातात पासबुक घेऊन रांगेत उभी असलेली पाहिलेली असते. एक म्हातारा, त्याचे दोन मुलगे, एक जॉइंट अकाउंट आणि ‘आता सही कुणाची चालणार’ हा प्रश्न एवढे साहित्य जमले की शेक्सपिअरला आणखी काय लागत होते? फार तर वादळ. ते आमच्याकडे मार्चअखेरीला येतेच.

शिवाय आमच्या गावाला या विषयाचा वारसा आहे. औरंगजेबाने 1658 साली बापाला आग्ऱ्याच्या किल्ल्यात कोंडले, पुढल्या वर्षी थोरल्या भावाला मारले आणि 1681 साली त्याच्याच मुलाने, अकबराने, त्याच्याविरुद्ध बंड केले. शेवटी 1707 साली तो आमच्याशेजारी खुलताबादला मातीत गेला. एवढे कथानक एका नाटकात बसवायचे तर चार अंकही पुरणार नाहीत. गावाचे नाव बदलले, आता छत्रपती संभाजीनगर झाले. पण छावणी छावणीच राहिली आणि नान खलियाची देगही तिथेच राहिली. हा नान खलिया म्हणे तुघलकाच्या फौजेबरोबर दौलताबादला आला. हजारो शिपायांना झटपट जेवू घालायची ती सोय होती. म्हणजे फास्ट फूड आमच्याकडे अमेरिकेच्या बरेच आधी पोचले होते. सत्ता, घराणे आणि घाईचे जेवण ही तिन्ही एकाच पंगतीला बसलेली पाहायची, तर छावणीसारखी जागा नाही.

आता मुद्द्यावर येतो. ‘स्कॉटलंड, पीए’ नावाचा एक अमेरिकन चित्रपट आहे, 2001 सालचा. त्यात मॅकबेथची गोष्ट चक्क बर्गरच्या हॉटेलात आणली आहे. काळ 1970 नंतरचा. डंकन हा हॉटेलचा मालक, जो मॅकबेथ तिथला नोकर आणि त्याची बायको पॅट म्हणजे आपली लेडी मॅकबेथ. स्कॉटलंडच्या गादीऐवजी इथे मोटारीत बसल्याबसल्या बर्गर देण्याची खिडकी आहे. डंकन तळणीच्या उकळत्या तेलात जातो. पॅटच्या हाताला रक्ताचा डाग नाही, तर तेलाचा चटका आहे. तपासाला येणारा मॅकडफ शाकाहारी आहे! कल्पना झकास आहेत. मी हसलो. बायकोही हसली. आणि नेमकी तिथेच मला शंका आली. माणूस तळून निघतो आणि आपण हसतो, हे कसे?

कुणी म्हणेल, विषयच क्षुल्लक. राज्यासाठी खून केला तर शोकांतिका, भज्यांच्या गाडीसाठी केला तर फार्स. हे काही मला पटत नाही. शिरवाडकरांनी मॅकबेथवरून ‘राजमुकुट’ लिहिले, त्यात राज्य होते. पण 1970 साली त्यांचेच ‘नटसम्राट’ आले, तेव्हा अप्पासाहेब बेलवलकरांकडे वाटायला काय होते? साधी मध्यमवर्गीय पुंजी. आमच्या बँकेत मॅनेजरने तेवढ्यासाठी चहासुद्धा मागवला नसता. तरी थिएटरात माणसे रडली, 2016 साली सिनेमा आला तेव्हा पुन्हा रडली. तेव्हा रकमेचा प्रश्न नाही. शोकांतिकेला मिनिमम बॅलन्सची अट नसते.

फरक नात्यात आहे. शेक्सपिअरचा डंकन हा मॅकबेथचा राजा आहे, भाऊबंद आहे आणि त्या रात्री पाहुणा आहे. खुनाआधी मॅकबेथ हे तिन्ही हिशेब बोटांवर मोजतो. एका खुनात तीन खाती बुडतात. बर्गरवाल्या डंकनशी जोचे खाते एकच, पगाराचे. मालक मेला की ते बंद. विशाल भारद्वाजच्या 2003 सालच्या ‘मकबूल’मध्ये सगळी माणसे गुंड आहेत, पण अब्बाजी हा मकबूलला बापाच्या जागी आहे. म्हणून तिथे हसू येत नाही, घशाला कोरड पडते.

आणि गंमत पाहा, हॉटेल ही तर पाहुण्यांचीच जागा! आपल्याकडे गल्ल्याच्या वर देवाचा फोटो आणि खाली ‘अतिथी देवो भव’ हमखास लिहिलेले असते, त्याच्याखाली ‘उधारी बंद’ लिहिलेले असले तरी. यजमानाने पाहुण्याला मारणे हा मॅकबेथचा गाभा. तो हॉटेलात न्यायचा आणि पाहुणाच वगळायचा, म्हणजे वडापावातून वडा वगळण्यासारखे झाले. मेजवानीला येणारे बँकोचे भूत घ्या. भर गर्दीत टेबल अडवून बसलेले, काहीही न मागवणारे आणि मालकाशिवाय कुणालाच न दिसणारे गिऱ्हाईक! कुठल्याही हॉटेलवाल्याला हे भूत समजावून सांगावे लागणार नाही.

फास्ट फूडवरची खरी शोकांतिका पडद्यावर नाही, खातेवहीत आहे. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या दोन भावांनी 1948 साली कॅलिफोर्नियातले आपले चालते हॉटेल बंद केले, पदार्थांची यादी छाटली आणि झटपट खाद्याची पद्धत बसवून ते पुन्हा उघडले. 1954 साली मिल्कशेकची यंत्रे विकणारा रे क्रॉक आला. त्याने शाखा काढल्या आणि 1961 साली 27 लाख डॉलरला सगळे विकत घेतले. भावांचे मूळ हॉटेल भावांकडेच राहिले, पण त्यावर स्वतःचे आडनाव लावायची सोय राहिली नाही. पाटी बदलून ‘बिग एम’ करावी लागली. मग क्रॉकने जवळच आपले मॅकडोनाल्ड उघडले आणि मूळ मॅकडोनाल्डचे दुकान बसले. रक्ताचा थेंब नाही, सगळे कागद व्यवस्थित. 2016 सालच्या ‘द फाउंडर’मध्ये ही गोष्ट आहे आणि तो बघताना मला काही हसू आले नाही.

मग कळते, की आपल्या जुन्या हॉटेलांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी का असते. ती जाहिरात नाही, ती प्रतिज्ञा आहे. राज्य न वाटण्याची. लिअरने तेवढी एक पाटी लावली असती तर पाचवा अंक टळला असता. पण मालक जातो, आणि मग शेजारी शेजारी दोन पाट्या लागतात: एकावर ‘जुने व प्रसिद्ध’, दुसऱ्यावर ‘मूळ व खरे’. कुठली मिसळ चांगली ते गिऱ्हाईक ठरवते. दोन्हीकडे चव एकच असते, कारण ती आईची असते. आणि दोन्हीकडे भिंतीवर हार घातलेला फोटो एकच असतो.

कॉमर्सवाला म्हणून सांगतो, लिअरचे चुकले ते कागदात. त्याने बक्षीसपत्र केले. मृत्युपत्र करायला हवे होते. मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येते. हल्ली तर 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलांनी सांभाळले नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवून घेता येतो. लिअरने माळरानावर वादळाशी भांडण्याऐवजी प्रांताच्या ऑफिसात अर्ज द्यायचा.

मात्र कायदा हॉटेल परत देईल, मुलगी परत देणार नाही. लिअरच्या मुली त्याचे शंभर स्वार पन्नासावर आणतात, पन्नासाचे पंचवीस करतात आणि मग एकाची तरी गरज काय म्हणून विचारतात. कारकुनाच्या नजरेने हा खर्चकपातीचा ठराव आहे, आणि हिशेबाने बरोबर आहे. हॉटेलात एवढेच होते, फक्त स्वारांऐवजी चहा असतो. गल्ला मुलाकडे दिल्यावर म्हातारे मालक कोपऱ्यातल्या टेबलाशी येऊन बसतात. पहिल्या वर्षी न मागता चहा येतो, सोबत बिस्किटे. दुसऱ्या वर्षी नुसता चहा. तिसऱ्या वर्षी कटिंग. मग एके दिवशी नवीन लागलेला पोऱ्या टेबल पुसत विचारतो, “काय घेणार, बाबा?” आणि गल्ल्यावरचा मुलगा नोटा मोजत असतो. तो मान वर करतो की नाही, एवढ्यावर सगळे नाटक ठरते.