सीडीवरून संगणक सुरू होत नाही तेव्हा
डेबियनच्या मार्गदर्शक पुस्तकातील एका प्रकरणाविषयी

मागच्या हिवाळ्यात निफाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत जाण्याचा योग आला. कडाक्याची थंडी होती. द्राक्षबागांमधे रात्री शेकोट्या पेटत होत्या. शाळेच्या संगणक-कक्षात अकरा जुने संगणक कापडाखाली झाकून ठेवलेले होते. त्यातल्या काहींवर विंडोज एक्सपी होती, काहींवर विंडोज ७. एक्सपीची देखभाल कंपनीने २०१४ मधे थांबवली आणि विंडोज ७ ची २०२० मधे. नव्या विंडोजला ही यंत्रे पुरी पडत नाहीत. म्हणून संगणक शिकवणाऱ्या सरांनी लिनक्स बसवायचे ठरवले, इंटरनेटवरून ते उतरवून घेतले, सीडीवर लिहिले आणि एकेका यंत्रात घालून पाहिले. एकही संगणक त्या सीडीवरून सुरू होईना. 'ही मशीन लिनक्स घेत नाहीत' असा निष्कर्ष निघाला आणि भंगारवाल्याला निरोप गेला.

आम्ही संशोधनाच्या कामात रोज लिनक्स वापरतो. त्यामुळे हे अर्ध्या तासाचे काम आहे अशा समजुतीने बसलो आणि त्यात आख्खा दिवस गेला. सोबत डेबियनच्या मार्गदर्शक पुस्तकातली काही पाने छापून नेली होती. त्या दिवशी ती पाने आम्ही पहिल्यांदाच खऱ्या गरजेपोटी वाचली. हा लेख त्या पानांविषयी आहे.

पुस्तक कोणते?

डेबियन हा लिनक्सचा एक जुना आणि मोठा संच आहे. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली तो सुरू केला आणि पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवला. सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात तयार झालेले 'बॉस' लिनक्सही डेबियनवरच आधारलेले आहे. डेबियनचे 'इन्स्टॉलेशन गाइड' कोणालाही फुकट मिळते. त्याचे पाचवे प्रकरण संगणक सुरू करण्याविषयी आहे आणि त्याच्या शेवटी अडचणींवरचा विभाग आहे. सीडी किंवा डीव्हीडी दाद देत नसेल तर काय करावे, हे त्यात सांगितले आहे.

सल्ला थोडक्यात असा. सीडी नीट बसली आहे का, मळलेली नाही ना, ते आधी पाहा. सीडीवरून सुरू होण्याची सोय संगणकाच्या बायॉसमधे चालू आहे का ते तपासा. उतरवलेल्या फाइलचा पडताळणी-अंक संकेतस्थळावर दिलेल्या अंकाशी जुळतो का ते पाहा, मग लिहिलेल्या सीडीचाही अंक काढून ताडून घ्या. फार वेगाने लिहिलेल्या सीडी काही जुन्या ड्राइव्हना वाचता येत नाहीत, हे लक्षात ठेवा. आणि यातले काहीच साधले नाही तर दुसऱ्या मार्गाने लिनक्स बसवा.

जमेची बाजू

या विभागाचे पहिले श्रेय त्याच्या क्रमाला. सोपे आणि बिनखर्चाचे उपाय आधी, अवघड उपाय नंतर. निफाडच्या शेतकऱ्याला हा क्रम शिकवावा लागत नाही. विहिरीवरची मोटार सुरू झाली नाही तर तो आधी तिन्ही फेज आहेत का ते पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटार वर काढणे अगदी शेवटी. मोटारीपासून सुरुवात कोणीच करत नाही.

दुसरे श्रेय पडताळणी-अंकाच्या आग्रहाला. हा अंक म्हणजे फाइलमधल्या सगळ्या बाइटवर ठराविक गणित करून मिळालेले उत्तर. एसएचए-२५६ नावाच्या पद्धतीत ते २५६ बिटचे असते. कोट्यवधी बाइटमधला एक बिट बदलला तरी उत्तर पूर्ण बदलते. फाइल अर्धवट उतरली असेल, रात्री वीज जाऊन उतरवणे तुटले असेल, तर ते इथेच कळते. 'बहुतेक बरोबर असेल' याच्या जागी 'बरोबर आहे' किंवा 'नाही' असे निश्चित उत्तर मिळते. विज्ञानाच्या शिक्षकाला हे आवडायलाच हवे.

साखळी कुठे आहे?

आता उणिवा. मोटारीची तपासणी शेतकऱ्याला जमते याचे कारण त्याने यादी पाठ केलेली असते असे नाही. वीज खांबापासून मोटारीपर्यंत कोणत्या वाटेने येते हे त्याच्या डोळ्यांपुढे असते. डेबियनच्या या विभागात तपासण्या आहेत, पण ज्या वाटेवर त्या करायच्या ती वाट सलग दाखवलेली नाही.

ती वाट अशी. बटण दाबल्यावर बायॉस हा छोटा कार्यक्रम जागा होतो. त्याच्याकडे एक यादी असते : आधी सीडी पाहायची की हार्डडिस्क. सीडीवर २०४८ बाइटचे सेक्टर असतात. त्यातल्या १७ क्रमांकाच्या सेक्टरमधे 'या सीडीवरून सुरू होता येते, पुढचे अमुक ठिकाणी आहे' अशी नोंद असावी, असा संकेत फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी १९९५ मधे ठरवला. ती नोंद सापडली तर तिथला छोटा कार्यक्रम स्मृतीत येतो. तो लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, उचलून आणतो. कर्नेल जागे झाले की बायॉसचे काम संपते. त्यानंतर कर्नेल स्वतःच्या साधनांनी तोच ड्राइव्ह नव्याने शोधते.

म्हणजे एकच सीडी दोनदा, दोन वेगळ्या वाचकांकडून वाचली जाते. 'सीडी सुरूच होत नाही' आणि 'सुरू झाली, पण नंतर सीडी सापडत नाही' या तक्रारी त्यामुळे अगदी वेगळ्या आहेत. पुस्तकात त्या दोन्हींसाठी वेगवेगळे उपाय आहेत, आणि ते योग्यच आहे. पण त्या वेगळ्या का, हे कळले नाही तर वाचक दोन्हींकडचे उपाय एकत्र करून करत सुटतो.

आम्हीही तेच केले. पहिल्या यंत्रात आम्ही बायॉसमधला क्रम बदलला आणि त्याच वेळी ड्राइव्हची वायरही बदलली. तरी यंत्र सुरू झाले नाही. समजा झाले असते, तरी कशामुळे झाले हे सांगता आले नसते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत.

नववीतली एक मुलगी बाजूला उभी राहून पाहत होती. तिने विचारले, "सर, या सीडीत आहे तरी काय, ते बघितलं का?" सीडी आमच्या संगणकात घालून उघडली. आत एकच फाइल होती, नावाच्या शेवटी 'आयएसओ' असलेली. उतरवलेली फाइल म्हणजे आख्ख्या सीडीची सेक्टरवार नक्कल असते. ती 'इमेज' म्हणून उलगडून लिहायची असते. इथे ती नेहमीच्या फाइलसारखी सीडीवर ठेवली गेली होती. त्यामुळे १७ व्या सेक्टरमधे बायॉसला हवी ती नोंद नव्हतीच, ती त्या फाइलच्या पोटात गाडली गेली होती. वरची वाट समजलेल्या माणसाला हे एका वाक्यात पटते. ज्याच्याकडे फक्त यादी आहे, तो मात्र सीडी पुसत बसतो.

फसवी खात्री

सीडी पुन्हा नीट लिहिली. आमच्या संगणकावर ती लगेच सुरू झाली. शाळेच्या काही यंत्रांवर तरीही नाही. सर म्हणाले, "ड्राइव्ह चांगला आहे, जुन्या गोष्टींची सीडी त्यात रोज चालते."

पडताळा घेण्याची ही कल्पना चांगली होती, पण पडताळा चुकीचा होता. दुकानातून आणलेली सीडी साच्यातून दाबून काढलेली असते, आणि तिचा धातूचा थर प्रकाश ७० टक्क्यांच्या आसपास परत पाठवतो. आमची सीडी पुन्हा पुन्हा लिहिता येण्याजोगी होती. त्या जातीच्या सीडीवरून जेमतेम १५ ते २५ टक्के प्रकाश परततो. जुन्या ड्राइव्हचा प्रकाश टिपणारा भाग इतक्या मंद खुणा ओळखू शकत नाही. तेव्हा 'ती सीडी चालते' यावरून 'ही सीडी चालली पाहिजे' हे सिद्ध होत नाही. तुलनेसाठी घेतलेल्या दोन वस्तू तपासायच्या गुणात सारख्या हव्यात. एकदाच लिहिता येणारी साधी सीडी आणली, ती कमी वेगाने लिहिली आणि यातली बहुतेक यंत्रे मार्गी लागली.

पुस्तकात वेगाने लिहिलेल्या सीडीचा इशारा आहे, पण कारण दिलेले नाही. कारण दिले असते तर वाचकाने सीडीच्या जातीचाही विचार केला असता. कारणाशिवाय दिलेला नियम जिथे दिला तिथेच उपयोगी पडतो, शेजारच्या अडचणीला त्याचा उपयोग होत नाही. पाठ्यपुस्तकांवर आम्ही हाच आक्षेप नेहमी घेतो.

राहिलेल्या तीन यंत्रांवर पडदा काळा झाला आणि एक इंग्रजी ओळ उमटली. तिचा अर्थ असा : या कर्नेलला ६४ बिटचा प्रोसेसर लागतो, इथे ३२ बिटचा आहे. सर म्हणाले, "पुन्हा नाहीच चालली." खरे तर सीडी चालली होती! हे वाक्य कर्नेलच्याच पहिल्या पायरीने लिहिलेले होते. म्हणजे बायॉस, ड्राइव्ह, सीडी, १७ वा सेक्टर, सगळे निर्दोष होते. चूक होती ती इमेज निवडण्यात. पडद्यावरचा निरोप म्हणजे नुसते अपयशाचे पत्र नाही, साखळी कुठपर्यंत शाबूत आहे याचा तो पुरावा आहे. निरोप वाचायचा कसा, हे शिकवणे अशा विभागाचे मुख्य काम असायला हवे होते.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. ऑगस्ट २०२५ मधे आलेल्या डेबियन १३ मधे ३२ बिटच्या यंत्रांसाठी इन्स्टॉलर नाही. तो २०२३ च्या डेबियन १२ मधे आहे. जुन्या यंत्रासाठी नवीनतम आवृत्ती उतरवली की नेमका हा अनुभव येणार.

लिहिले कोणासाठी?

या विभागाचा सर्वांत मोठा दोष त्याने धरलेल्या वाचकात आहे. सीडीचा अंक ताडून पाहायची जी आज्ञा दिली आहे, ती लिनक्सचीच. पुढच्या तपासण्यांसाठी लिनक्सचे थोडे ज्ञान लागेल, असे पुस्तक स्वतःच सांगते. ज्याच्याकडे लिनक्स आहे त्याने लिनक्स कसे बसवावे, असा हा प्रकार झाला. पोहायला शिकल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस म्हणण्यासारखेच हे आहे. विंडोजवर तोच अंक काढता येतो, त्यासाठीचा कार्यक्रम विंडोजमधे असतोच. इथे दोन ओळी वाढवल्या असत्या तरी पुरे होते.

लेखकांची बाजूही पाहिली पाहिजे. पुस्तक अनेक जातींच्या संगणकांसाठी लिहिलेले आहे आणि आज बहुतेक लोक पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवतात. सीडीचा विभाग मागच्या बाकावर गेला तर नवल नाही. पण जी यंत्रे पेनड्राइव्हवरून सुरू होऊ शकत नाहीत, ती कोणाकडे आहेत? अशाच शाळांकडे. ज्यांना या पानांची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्याचसाठी ती सर्वांत कमी लिहिलेली आहेत.

शिक्षकांना काय करता येईल?

हे पुस्तक जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली आहे. ते वापरण्याची, बदलण्याची आणि बदललेले वाटण्याची मुभा कोणालाही आहे. त्यामुळे आमची तक्रार तक्रारीपाशीच थांबण्याचे कारण नाही. त्या दिवशी संध्याकाळी त्या मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी फळ्यावर साखळी काढली : बटण, बायॉस, ड्राइव्ह, सीडी, सतरावा सेक्टर, कर्नेल. प्रत्येक कडीखाली दोन प्रश्न लिहिले. ही कडी तुटली तर पडद्यावर काय दिसेल? आणि फक्त हीच कडी तपासायची तर काय बदलून पाहायचे? तो फळा म्हणजे आमच्या मते पुस्तकातल्या त्या विभागाची सुधारलेली आवृत्तीच होती, आणि ती मराठीत होती.

शाळेत जुने संगणक असतील तर हा तास घेऊन पाहावा. एक चांगली सीडी, एक मुद्दाम चुकीची लिहिलेली सीडी आणि एक ६४ बिटची इमेज, एवढे साहित्य पुरते. गृहीतक, पडताळा, एका वेळी एक बदल, ही वैज्ञानिक पद्धत मुलांना इथे हाताने करून पाहता येते, आणि उत्तर बरोबर की चूक हे यंत्रच सांगते.

अकरापैकी नऊ संगणक दोन दिवसांत सुरू झाले. एकाची हार्डडिस्क खरोखरच गेलेली होती. अकराव्याचे कोडे आम्हाला सुटले नाही. ते आम्ही मुलांवर सोपवून आलो. भंगारवाल्याला मात्र सरांनी फोन करून सांगितले, "सध्या येऊ नका."