९३ टक्के, पण कशाचे?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी जर्नल क्लबमध्ये एक पेपर मांडला होता. शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत ‘९३ टक्के’ लिहिलं होतं. एका सीनियरने विचारलं, “९३ टक्के कशाचे?” मला धड उत्तर देता आलं नाही. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर हा प्रश्न तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर पडावा, म्हणून त्या पेपरबद्दल लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. एमआरएनएचा सगळाच भाग प्रथिनात उतरत नाही. दोन्ही टोकांना भाषांतर न होणारे पट्टे असतात, त्यांना यूटीआर म्हणतात. ढोबळपणे, ५-प्राइम यूटीआरवर रायबोसोम किती सहज कामाला लागेल हे अवलंबून असतं, तर ३-प्राइम यूटीआरवर एमआरएनए किती काळ टिकेल हे. लस किंवा औषध म्हणून एमआरएनए बनवायचा, तर हे दोन्ही पट्टे विचारपूर्वक निवडावे लागतात.

पॉल सॅम्पल, गेऑर्ग सीलिग आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१९ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त आला. त्यांनी ५० अक्षरांचे सुमारे २,८०,००० यादृच्छिक ५-प्राइम यूटीआर बनवले, प्रत्येकापुढे ईजीएफपी या चमकणाऱ्या प्रथिनाचा तोच संदेश जोडला आणि हे एमआरएनए मानवी पेशींत सोडले. मग पॉलिसोम प्रोफायलिंगने प्रत्येक एमआरएनएवर सरासरी किती रायबोसोम बसलेत ते मोजलं. हाच ‘मीन रायबोसोम लोड’. या आकड्यांवर शिकवलेल्या ‘ऑप्टिमस ५-प्राइम’ या मॉडेलने बाजूला ठेवलेल्या यूटीआरमधल्या लोडच्या चढउताराचा ९३ टक्के भाग बरोबर सांगितला.

काम भक्कम आहे, यात वाद नाही. सगळीकडे संदेश एकच असल्याने दिसणारा फरक यूटीआरमुळेच आहे असं म्हणता येतं. मोजक्या यूटीआरसाठी त्यांनी ईजीएफपीची चमकही मोजली आणि ती लोडशी छान जुळली. शिवाय मॉडेलकडून नवे यूटीआर रचून घेऊन त्यांचीही चाचणी केली. ‘भाकीत केलं आणि थांबलो’ असं झालेलं नाही.

माझे आक्षेप दोन आहेत.

पहिला समजायला वही-पेन पुरे. यादृच्छिक ५० अक्षरांत ‘एयूजी’ सुरू होण्याच्या जागा ४८ आणि प्रत्येक जागी शक्यता ६४ त एक. गणित करा: निम्म्याहून थोड्या जास्त यूटीआरमध्ये किमान एक एयूजी सापडणारच. असा आगाऊ एयूजी चुकीच्या चौकटीत असला, तर रायबोसोम तिथेच कामाला लागतो आणि खरा संदेश मागे पडतो. म्हणजे या संचातला मोठा फरक ‘आगाऊ एयूजी आहे की नाही’ एवढ्यानेच पडतो, आणि तो ओळखणं मॉडेलला फारसं अवघड नाही. औषधासाठी यूटीआर रचताना असे एयूजी आपण आधीच वगळतो. उरलेल्या, बऱ्यापैकी चांगल्या यूटीआरमधून सर्वांत चांगला निवडताना मॉडेल किती उपयोगी पडेल, हे ९३ या आकड्यावरून कळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. रायबोसोम लोड म्हणजे प्रथिन नव्हे. एकूण प्रथिन म्हणजे बनण्याचा वेग गुणिले एमआरएनएचं आयुष्य. पॉलिसोम प्रोफायलिंगमध्ये त्या घटकेला शाबूत असलेले एमआरएनएच दिसतात. जे आधीच तुटले, त्यांची हजेरी लागतच नाही.

हा आक्षेप नुसता कागदी नाही. २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये कॅथरिन लेपेक आणि सहकाऱ्यांनी पर्सिस्ट-सेक ही पद्धत मांडली. २३३ एमआरएनए एकत्र तपासून त्यांनी लोड आणि टिकाऊपणा दोन्ही मोजले. त्यांचा निष्कर्ष: प्रथिनाचं प्रमाण ठरवण्यात जास्त रायबोसोम लोडपेक्षा एमआरएनएचं पेशीतलं टिकणं जास्त प्रभावी ठरतं. २३३ हा आकडा २,८०,००० समोर किरकोळ वाटतो, पण प्रश्न नेमका होता.

लसीचंच उदाहरण घ्या. फायझर-बायोएनटेकच्या कोविड लसीत ५-प्राइम यूटीआर मानवी अल्फा-ग्लोबिनवरून घेतलाय. ३-प्राइम यूटीआरचे तुकडे एईएस आणि एमटीआरएनआर१ या जनुकांतले आहेत. हे तुकडे माइन्झच्या गटाने चाळणी लावून निवडले: पेशींत सोडायचं, काही तासांनी जे टिकलं ते परत काढायचं, पुन्हा सोडायचं. हाही पेपर २०१९ चाच. ते तुकडे का टिकतात याचं पूर्ण उत्तर या पद्धतीने मिळत नाही, ही तिची उणीव. पण जे हवं होतं, त्याचीच निवड झाली.

म्हणून ऑप्टिमस वापरू नका असं मी म्हणत नाही. आगाऊ एयूजी पकडायला आणि वाईट यूटीआर गाळायला मीही तो वापरतो. फक्त प्रबंधाचा आराखडा लिहिताना तीन गोष्टी एका पानावर मांडा: मला काय हवंय, मी काय मोजणार आहे आणि या दोन्हींच्या मध्ये काय निसटतं. माझ्या आराखड्यात तिसरी ओळ नव्हती. त्या प्रश्नानंतर मला एमआरएनएचं अर्धायुष्य मोजण्याचा प्रयोग नव्याने घालावा लागला.