‘कार्यक्षम’ विवर्धक : एका विशेषणाची चिकित्सा

बिनतारी संदेशवहनातील शक्तिविवर्धकांविषयीच्या लेखनात ‘विस्तृत पट्ट्यात कार्यक्षम’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. तो निर्दोष वाटतो. परंतु कोणत्या कंप्रतेला आणि किती शक्ती देत असता कार्यक्षम, हे सांगितल्यावाचून त्यास निश्चित अर्थ प्राप्त होत नाही.

मुळात ‘विवर्धक’ ही संज्ञाच किंचित फसवी आहे. संदेश स्वतः वाढत नसतो. पुरवठ्यातील एकदिश विद्युत्शक्ती त्याच्या आकारात ओतली जाते, आणि उरलेली उष्णता होऊन वाया जाते. आदर्श ‘बी’ वर्गाच्या विवर्धकाची कमाल कार्यक्षमता ७८.५ टक्के होय; पण हा आकडा शिखरशक्तीचा आहे. शक्ती शिखराच्या एक-चतुर्थांश होताच तो सुमारे ३९ वर, आणि एक-दशांश होताच सुमारे २५ वर उतरतो. आजच्या भ्रमणध्वनीचे संकेत तर बहुतांश काळ शिखराच्या पुष्कळच खाली असतात.

डब्ल्यू. एच. डोहर्टी यांनी १९३६ साली दोन विवर्धकांच्या जोडीने हा उतार थोपविला. तथापि त्यांच्या रचनेतील पाव तरंगलांबीची वाहिनी एकाच कंप्रतेला यथार्थ पाव असते. पट्टा रुंदावला की लाभ ओसरतो. शिवाय ७०० मेगाहर्ट्झच्या संकेताचा तिप्पट कंप्रतेचा घटक २१०० वर, म्हणजे दुसऱ्या सेवेच्याच पट्ट्यात पडतो. दोन्ही पट्टे एकाच विवर्धकाकडे सोपविल्यास तो सरसकट गाळता येत नाही. गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरांची धारिता तेवढ्याच शक्तीसाठी कमी असते. त्यामुळे ही अडचण सैल झाली, नाहीशी झाली नाही.

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या तालुक्यांत हा भेद केवळ शब्दांचा राहत नाही. तोरणा, राजगड, रोहिडा यांच्या रांगांआडच्या वाड्यांपर्यंत उच्च कंप्रतेच्या लहरी सहजी पोहोचत नाहीत. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी कड्यावरून त्यामानाने अधिक वाकतात. अशा ठिकाणी वीज खंडित झाली की मनोऱ्याची भिस्त घटमालेवर असते. १० वॉट प्रक्षेपित करण्यास २५ टक्के कार्यक्षमतेने ४० वॉट लागतात, ५० टक्क्यांनी २०. विवर्धकाचा भार निम्मा झाला, तर तेवढ्या प्रमाणात घटमाला अधिक टिकते, आणि आजाऱ्यासाठी वाहन बोलावणाऱ्याचा दूरध्वनी लागतो.

तेव्हा पट्टा, सरासरी शक्ती व संकेताची अविकृतता ही तिन्ही सांगितल्याखेरीज ‘कार्यक्षम’ हे विशेषण शास्त्रीय लेखनात ग्राह्य धरू नये.