समुपदेशनातील मूलभूत कौशल्ये आणि नैतिक निर्णय : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

समुपदेशनाच्या अध्यापनात कौशल्ये आणि नीतितत्त्वे ही बहुधा दोन स्वतंत्र प्रकरणे मानली जातात. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या समानुभूती, विनाअट स्वीकार व समुपदेशकाची आंतरिक सुसंगती या अटी पहिल्या प्रकरणात येतात. तर कॅरन किचनर यांनी १९८४ मध्ये विशद केलेली स्वायत्तता, अहानी, हित, न्याय व निष्ठा ही तत्त्वे दुसऱ्यात. ही विभागणी अध्यापनास सोयीची असली, तरी व्यवहारात टिकत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. सातपुड्यातील पाड्यांवर पावरी व भिलीच्या बोली, तर नवापूर परिसरात मावची बोलली जाते. केवळ प्रमाण मराठी जाणणाऱ्या समुपदेशकास येथे दुभाषी लागतो. तो नात्यातला वा गावातला असेल, तर सल्लार्थीचे मन उघडण्यापूर्वीच गोपनीयता धोक्यात येते. अर्थात, भाषेचा प्रश्न हा कौशल्याइतकाच नीतीचाही प्रश्न आहे.

दुसरा पेच कायद्याचा. सतरा वर्षांची गर्भवती मुलगी विश्वासाने बोलू लागली, असे समजू. बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अशी माहिती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. विवाह झालेला असला तरी हे बंधन सुटत नाही. येथे निष्ठा आणि कायदा परस्परविरोधी ठरतात. समानुभूती जितकी प्रभावी, तितकी मुलगी अधिक बोलणार आणि तितकीच ती परिणामांत अधिक अडकणार. रॉजर्स यांच्या अटींत या पेचाचे उत्तर सापडत नाही.

म्हणून गोपनीयतेची मर्यादा पहिल्या प्रश्नापूर्वी, सल्लार्थीच्याच बोलीत सांगणे हे मूलभूत कौशल्य मानले पाहिजे. त्यामुळे मुलगी गप्प होईल आणि उपचारांपासूनही दुरावेल, हा आक्षेप गंभीर आहे. तथापि, अंधारात ठेवून मिळविलेला विश्वास तिची स्वायत्तता हिरावतो, आणि एकदा फसलेली मुलगी पुन्हा दवाखान्याची पायरी चढेलच असे नाही.

सारांश, नीती ही कौशल्यानंतर येणारी पायरी नव्हे. पावरी वा मावची जाणणाऱ्या स्थानिक तरुणांना समुपदेशनाचे शिक्षण देणे ही जिल्ह्यातील महाविद्यालयांची केवळ शैक्षणिक नव्हे, तर नैतिक जबाबदारी ठरते.