तिरंगी फीत दिसली की स्वातंत्र्यसैनिक? पदकांच्या ओळखीबद्दल थोडी तक्रार

आपल्या मंडळात वाचल्या जाणाऱ्या निबंधांत घरोघरच्या पदकांचे, बिल्ल्यांचे उल्लेख अलीकडे वाढले आहेत. चांगलंच आहे. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या भागातल्या जुन्या घरांत संदुकीच्या तळाशी, लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं एखादं पदक निघतंच. पण त्याची ओळख आपण ज्या घाईनं देतो, त्याबद्दल माझी तक्रार आहे. आणि ती आधी माझ्याविरुद्धच आहे.

भालकी तालुक्यातल्या एका घरी मला पांढुरक्या धातूचं एक गोल पदक दाखवलं. केशरी, पांढरा, हिरवा अशा तीन उभ्या पट्ट्यांची फीत. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह आणि इंग्रजीत 15 ऑगस्ट 1947 ही तारीख. घरची सून म्हणाली, "आमचे आजेसासरे स्वातंत्र्यसैनिक होते की हो. सरकारनं दिलंय हे." मी तसंच लिहून घेतलं, मंडळात तसंच वाचलं. कुणी हरकत घेतली नाही.

पदक उलटून नीट पाहिलं असतं तर चूक तिथंच कळली असती. दुसऱ्या बाजूला अशोकचक्र आहे, पण त्यावर मुकुट आहे आणि कडेनं राजा सहावा जॉर्ज याचं नाव आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या सन्मानावर इंग्रज राजाचं नाव कसं येईल? हे 'इंडियन इंडिपेंडन्स मेडल' आहे. स्वातंत्र्य आलं तेव्हा भारतीय सैन्यात नोकरीवर असलेल्यांना आणि भारतात सामील झालेल्या संस्थानांच्या फौजांना ते दिलं गेलं. स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळाले ते 1972 साली, रौप्यमहोत्सवात. ती वस्तू वेगळी, तो माणूस वेगळा.

आपल्या भागात या फरकाला जास्तच वजन आहे. 15 ऑगस्ट 1947 रोजी बीदर आणि गुलबर्गा हे निजामाचे जिल्हे होते. हैदराबाद भारतात आलं ते 13 ते 17 सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर. म्हणजे निजामाच्या फौजेतल्या शिपायाला हे पदक मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ते आजेसासरे भारताच्या सैन्यात होते आणि त्यांचं गाव मात्र त्या वर्षी निजामाच्या अमलाखाली होतं. रजेवर घरी येता आलं का? घरच्यांनी गावात काय सांगितलं? सोलापूरकडून फौज निघाली तेव्हा ते कुठं होते? हे खरे प्रश्न. 'स्वातंत्र्यसैनिक' एवढं लिहिलं की सगळे मिटले.

दुसरी नेहमीची चूक 'व्हिक्टोरिया क्रॉस'ची. इकडं जे दाखवतात ते बहुधा पहिल्या महायुद्धाचं 'व्हिक्टरी मेडल' असतं: कांस्याचं, गोल, पंखवाली देवी असलेलं, इंद्रधनुषी फितीचं. व्हिक्टोरिया क्रॉस हा क्रॉसच्याच आकाराचा असतो, फीत गडद तांबडी. व्हिक्टरी मेडल मोहिमेवर गेलेल्या लाखोंना मिळालं. त्यात कमीपणा नाही. उलट त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. गावातला माणूस कुठल्या पलटणीत होता हे सांगणारा तेवढाच पुरावा कधी कधी उरतो. आणि तोच आपण चिंच-राखेनं घासून पुसट करतो.

तिसरी चूक जास्त गंभीर आहे. निजामाच्या फौजेचा बिल्ला दिसला की 'रझाकाराचा बिल्ला' अशी नोंद होते. रझाकार हे कासिम रझवीचे स्वयंसेवक; निजामाची नियमित फौज वेगळी, तिचे सेनापती एल एद्रूस. पहिल्या महायुद्धात हैदराबाद लान्सर्स पॅलेस्टाईनच्या मोहिमेत होते. दिल्लीतल्या तीन मूर्ती स्मारकातली एक मूर्ती हैदराबादची आहे. पण इथं त्या बिल्ल्याचं नाव काढत नाहीत. कारण उघड आहे. 1948 नंतर सुंदरलाल समितीनं सर्वाधिक हानी झालेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत बीदर आणि गुलबर्गा होते. ज्या घरानं भीतीपोटी बिल्ला लपवला, त्या घरावर आपण चुकीचं नाव चिकटवणं हा इतिहास नव्हे. आणि रझाकारांनी ज्यांची घरं जाळली, त्यांच्यावरही तो अन्यायच.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. फितीवरून ओळख ठरवू नका. फिती बदलल्या जातात, बाजारात नव्या मिळतात. दोन्ही बाजू आणि कड तिरप्या उजेडात पाहा, अक्षर अन् अक्षर उतरवून घ्या. घासू नका. घरचे काय सांगतात ते वेगळं लिहा, पदक काय सांगतं ते वेगळं. दोन्ही जुळले नाहीत तर तसंच राहू द्या.

मी त्या घरी परत गेलो. सूनबाईंना सांगताना जीभ जड झाली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "फौजेत होते हे आम्हाला ठाऊकच होतं. पण लोकांना ते दुसरं सांगितलं की पटकन कळायचं." पदकाची कड आम्ही दोघांनी मिळून वाचली. माझ्या निबंधातला 'स्वातंत्र्यसैनिक' हा शब्द काढून तिथं 'भारतीय सैन्यातील शिपाई' असं करावं, ही संपादकांना विनंती.