‘प्रवीण’ या संज्ञेची घडण : अमेरिकेतील शालेय कसोट्या आणि त्यांतील सवलती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सार्वजनिक शाळांवर शासकीय कसोट्यांचे आणि प्रतिवृत्तांचे जे ओझे आहे ते हलके करावे, ही मागणी तेथील शिक्षणचर्चेत वारंवार उठते. (सार्वजनिक शाळा म्हणजे करदात्यांच्या पैशावर चालणारी, सर्वांस खुली शाळा, इंग्लंडातील ‘पब्लिक स्कूल’ या धनिकांच्या संस्थेशी तिचे केवळ नामसादृश्य आहे.) या वादाचा विचार बहुधा शिक्षणशास्त्री आणि अर्थशास्त्री करतात. परंतु ज्या अधिनियमांतून तो उद्भवला त्यांची चिकित्सा संहिता म्हणून केली, तर भांडणाचा बराच भाग एका शब्दाच्या अर्थाभोवती घोटाळतो असे दिसून येते. तो शब्द ‘प्रोफिशंट’, मराठीत ‘प्रवीण’.

८ जानेवारी २००२ रोजी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या अधिनियमावर अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची स्वाक्षरी झाली. १९६५ च्या मूळ शिक्षण अधिनियमाचीच ती नवी आवृत्ती होय. तिसरी ते आठवीपर्यंत दर वर्षी आणि पुढे माध्यमिक शाळेत एकदा वाचन व गणित यांची कसोटी घ्यावी, किमान ९५ टक्के मुले कसोटीस बसावीत, निकाल वंश, दारिद्र्य, अपंगत्व आणि इंग्रजीचे ज्ञान या उपगटांनुसार वेगळे प्रसिद्ध करावेत, आणि २०१३-१४ पर्यंत प्रत्येक उपगटातील प्रत्येक मूल ‘प्रवीण’ व्हावे, असे त्याने फर्माविले. मात्र प्रवीण म्हणजे काय, हे ठरविण्याचे काम त्याने राज्यांकडे सोपविले. वाक्याचे उद्देश्य सार्वत्रिक आणि विधेय रिकामे, अशी ही रचना आहे. काही राज्यांनी प्रावीण्याची पातळी खाली आणली याचे नवल वाटावयास नको.

या रचनेचा खरा पेच इंग्रजी कमी येणाऱ्या मुलांच्या उपगटात दिसतो. इंग्रजी बोलण्या-वाचण्याच्या अडचणींमुळे राज्याच्या कसोटीत प्रवीण ठरण्यास जो असमर्थ ठरू शकेल तो या गटात, असा व्याख्येचा आशय होता. मूल प्रवीण झाले की ते गटाबाहेर पडणार आणि त्याच्या जागी नुकतेच देशात आलेले दुसरे मूल येणार. अशा गटाकडून शंभर टक्के प्रावीण्याची अपेक्षा करणे म्हणजे रुग्णालयातील सर्व दाखल रोगी निरोगी असावेत अशी आज्ञा काढण्यासारखेच. २००४ मध्ये शिक्षणखात्याने गटाबाहेर गेलेल्या मुलांची गणना आणखी दोन वर्षे गटातच करण्याची मुभा दिली. २०१५ च्या अधिनियमाने ही मुदत चार वर्षांपर्यंत वाढविली. वृत्तपत्रांनी हिला सवलत म्हटले. वस्तुतः ते फाटक्या व्याख्येला लावलेले ठिगळ होते.

त्याच अधिनियमात आणखी एक शब्दबदल झाला. १९६८ पासून चालत आलेला द्विभाषिक शिक्षणाचा अधिनियम त्याने संपुष्टात आणला. केंद्रीय शिक्षणखात्यातील द्विभाषिक शिक्षणाच्या कचेरीचे नाव बदलून तीत ‘इंग्रजी संपादन’ हे शब्द आले. घरी स्पॅनिश किंवा नाव्हाहो बोलणारे मूल दोन भाषांचे धनी न राहता एका भाषेतील उणिवेने ओळखले जाऊ लागले. २०१५ मध्ये ‘मर्यादित इंग्रजी प्रावीण्याचा’ हे विशेषण जाऊन ‘इंग्रजी शिकणारा’ असे नाव आले. शब्द सौम्य झाला. परंतु मुलाच्या घरच्या भाषेला या नावात आजही स्थान नाही.

आता ओझे हलके करण्याच्या मागणीविषयी. येथे नोंद आणि निवाडा या दोन गोष्टींत भेद केला पाहिजे, आणि तो बहुधा केला जात नाही. निकाल पाहून शाळेवर कारवाई करणे हा निवाडा होय. इंग्लंडात रॉबर्ट लो यांच्या १८६२ च्या सुधारित संहितेने अनुदान परीक्षेच्या निकालास बांधले, तेव्हा स्वतः शाळा-तपासनीस असलेल्या मॅथ्यू अर्नल्ड यांनी तीवर कठोर टीका केली. मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत होतीच. अशा निवाड्याने शिक्षण यांत्रिक होते, हा अर्नल्ड यांचा आक्षेप आजही खोडून निघालेला नाही. १० डिसेंबर २०१५ च्या अधिनियमाने वार्षिक कसोट्या कायम ठेवून निवाड्याचा बराच अधिकार राज्यांकडे परत दिला, हे योग्यच झाले.

नोंदीचे तसे नाही. सरासरीत हरवणारी मुले उपगटांच्या रकान्यांमुळेच दिसू लागली. २०१२ पासून केंद्राने राज्यांना सूट दिली, तेव्हा अनेक राज्यांनी गरीब, अपंग आणि इंग्रजी शिकणारी मुले यांचा एकच मोठा गट केला. हिशेब सोपा झाला. पण अपंग मुलाची गरज आणि परभाषिक मुलाची गरज या एकच नव्हेत, ही साधी गोष्ट कागदावरून नाहीशी झाली. २०१५ च्या अधिनियमाने उपगट पुन्हा वेगळे करावयास लावले. २०२५ मध्ये आयोवा, इंडियाना इत्यादी राज्यांनी केंद्राकडे अधिक मोकळीक मागितली. त्याच वर्षी १ मार्च रोजी इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा ठरविणारा अध्यक्षीय आदेश निघाला. अशा काळात प्रतिवृत्तातील कोणता रकाना गाळावा हा प्रश्न केवळ कारकुनी राहत नाही.

सवलत द्यावयाचीच असेल तर ती कसोटीच्या भाषेत द्यावी, याचे उदाहरण हवाईत सापडते. १८९६ च्या कायद्याने तेथील शाळांतून हवाईयन माध्यम हद्दपार झाले होते. १९७८ मध्ये ती भाषा पुन्हा राज्याची अधिकृत भाषा झाली आणि १९८७ पासून सार्वजनिक शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले. कसोट्या मात्र इंग्रजीतून, किंवा इंग्रजीवरून भाषांतरित. भाषांतराने काय बिघडते हे मराठी वाचकास सहज उमजेल. इंग्रजी ‘वी’ या सर्वनामात ऐकणारा धरला आहे की नाही हे कळत नाही. मराठी ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांनी ते सांगते. हवाईयन याहून पुढे जाते : ‘काकोउ’ व ‘माकोउ’ यांत हाच भेद आहे, आणि दोघांपुरती ‘काउआ’ व ‘माउआ’ ही सर्वनामे निराळी आहेत. उताऱ्यात कोण कोणाबरोबर गेले हे मुलाने ताडावे अशी प्रश्नकर्त्याची योजना असेल, तर भाषांतरात सर्वनामच उत्तर सांगून जाते. उलट, उच्चार आणि लेखन यांचा मेळ जिथे जवळजवळ पूर्ण आहे त्या भाषेत इंग्रजी शुद्धलेखनाच्या धर्तीवरचा प्रश्न निरर्थक होतो.

हवाई विद्यापीठ आणि तेथील शिक्षणखाते यांनी मिळून ‘काएओ’ ही कसोटी मुळातून हवाईयनमध्ये रचली आणि तीच मुले पुन्हा इंग्रजी कसोटीस बसवू नयेत अशी परवानगी केंद्राकडून मिळविली. मुलांची गणना थांबली नाही. ती ज्या भाषेत शिकतात त्या भाषेत होऊ लागली.