‘स्टँड्स फॉर डेसिबल्स’ : एक उपेक्षित ध्वनिमुद्रिका

‘द डीबीज्’ या अमेरिकन वाद्यवृंदाची ही पहिली ध्वनिमुद्रिका १९८१ मध्ये अ‍ॅल्बिअन या ब्रिटिश संस्थेने काढली. स्वदेशी ती तेव्हा प्रसिद्धच झाली नाही. तिच्या उपेक्षेचे मूळ येथेच शोधले पाहिजे. ‘पॉवर पॉप’ ही संज्ञा तिला अर्धीच लागू पडते. पीटर होल्सॅपल यांचे ‘ब्लॅक अँड व्हाइट’ सरळ व श्रुतिसुलभ आहे. क्रिस स्टेमी यांचे ‘सायकल्स पर सेकंड’ मात्र श्रोत्याची अपेक्षा जाणूनबुजून मोडते. या दोन प्रवृत्तींचा परस्परांवरील दाब हेच या कृतीचे खरे वैशिष्ट्य होय. दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेनंतर स्टेमी बाहेर पडले. १९८४ च्या ‘लाइक धिस’मध्ये होल्सॅपल यांचे माधुर्य कायम आहे, त्याला छेद देणारा खडबडीतपणा तेवढा उरलेला नाही.